वाचक विचारतात : रविवारची कोंबडी आणि औषधाला दाद न देणारे जंतू

मागील अंकात मूत्रमार्गाच्या संसर्गाविषयी लिहिताना ब्रॉयलर कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिक औषधांचा, मी केवळ एका वाक्यात उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर इंदूर, महू आणि देवासहून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे असे संपादकांनी सुचवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना (वय ६८) वर्षभरात तिसऱ्यांदा लघवीचा संसर्ग झाला. या वेळी कल्चर (जंतू वाढवून त्यांना कोणते औषध चालते ते पाहण्याची तपासणी) करून घेतले, तेव्हा अहवालात चौदापैकी नऊ औषधांसमोर ‘रेझिस्टंट’, म्हणजे जंतू दाद देत नाहीत, असे छापून आले. आमच्याकडे दर रविवारी चिकन होते. शेजारच्या काकू म्हणतात, की कोंबड्यांना इंजेक्शने टोचून फुगवतात, ते औषध आपल्या पोटात जाते आणि मग आपल्याला औषधे लागू पडत नाहीत. यात तथ्य किती? चिकन बंद करावे का? (एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर)

उत्तर : इंजेक्शनाचे आधी निकालात काढू. पाच-दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला धरून सुई टोचत बसणे कोणत्याही धंद्याला परवडणारे नाही. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो तो पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडक पैदाशीमुळे आणि मोजूनमापून दिलेल्या खाद्यामुळे. त्यासाठी हार्मोन टोचावे लागत नाहीत. औषध जाते ते खाद्यातून किंवा पिण्याच्या पाण्यातून, आणि खरी गोम तिथेच आहे. टाकीत औषध घातले की आजारी आणि ठणठणीत असे सगळेच पक्षी ते पितात. उलट जो पक्षी फार आजारी असतो तो पाण्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे ज्याला औषध हवे त्यालाच ते सर्वांत कमी मिळते.

ही रीत अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस पडली. लेडर्ले या औषध कंपनीत, जिथल्या संशोधनाची सूत्रे बराच काळ आपल्या भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती, ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार होत असे. ते काढून घेतल्यावर उरणारा चोथा थॉमस ज्यूक्स यांनी पिल्लांना चारून पाहिला आणि पिल्ले भराभर वाढली. प्रथम त्याचे श्रेय चोथ्यातल्या बी-१२ जीवनसत्त्वाला दिले गेले. पुढे ध्यानात आले, की ही करामत त्यात उरलेल्या प्रतिजैविकाची आहे. तेव्हापासून निरोगी पक्ष्यांना थोडे थोडे औषध रोज चारणे हा जगभरच्या कुक्कुटपालनाचा शिरस्ता होऊन बसला. थोडे औषध जंतूंना मारत नाही, तयार करते, असा इशारा पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात दिला होता. पण पिल्लांचे वजन काट्यावर दिसत होते, जंतू दिसत नव्हते.

आता काकूंच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. मांसात औषधाचा अंश राहू शकतो, हे खरे आहे. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले होते, त्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. तो अंश असू नये, याबद्दल दुमत नाही. मात्र तो इतका अल्प असतो, की सासूबाईंच्या अहवालातल्या नऊ ओळींचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. धोका औषधाच्या उरलेल्या कणापेक्षा त्या औषधाच्या सहवासात वाढलेल्या जंतूचा मोठा आहे. कोंबडीच्या आतड्यात ई. कोलाय, साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू राहतात. औषधाने त्यांतले दुबळे मरतात, चिवट उरतात आणि शेड त्या चिवटांच्या ताब्यात जाते. कापताना आतडे फुटले की तेच जंतू मांसाला लागतात.

हे डोळ्यांनी पाहता येते. प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीतल्या, जंतूंना पोसणाऱ्या जेलीसारख्या खळीवर जंतूंचा पातळ थर पसरतात, त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या, कपाळाच्या टिकलीएवढ्या कागदी चकत्या ठेवतात आणि ताटली रात्रभर उबेच्या कपाटात ठेवून देतात. सकाळी ज्या चकतीभोवती स्वच्छ रिकामे कडे पडलेले असते, ते औषध चालते. मी प्रयोगशाळेत असताना एकदा कोंबडीच्या आतड्यातल्या ई. कोलायची ताटली उघडली, तर सहापैकी एकाच चकतीभोवती कडे होते. उरलेल्या पाचांना जंतूंची पांढुरकी साय अगदी कडेला चिकटून वाढलेली होती, जणू तिथे औषध नव्हतेच. सासूबाईंच्या अहवालातला ‘रेझिस्टंट’ हा शब्द अशाच तपासणीतून येतो.

हे जंतू एवढ्यावर थांबत नाहीत. औषधाला तोंड देण्याची युक्ती ज्या जनुकात असते, ते जनुक पुष्कळदा प्लास्मिड नावाच्या सुट्या वर्तुळाकार डीएनएवर बसलेले असते आणि एक जंतू त्याची नक्कल दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही, देऊ शकतो. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध. त्याला निष्प्रभ करणारे, असे हस्तांतर होणारे एमसीआर-१ हे जनुक २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केले, तेव्हा ते डुकरांत, दुकानातल्या डुकराच्या मांसात व चिकनमध्ये आणि रुग्णालयातल्या माणसांतही सापडले होते. भारताने जुलै २०१९ मध्ये कोंबड्या आणि इतर अन्नोपयोगी प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. त्याच २०१९ या वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे दगावली, असा अंदाज पुढे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, अर्थात हे सगळे मृत्यू काही कोंबडीच्या वाटेने आलेले नव्हेत.

आपल्या सासूबाईंचा जंतू कोंबडीतून आला का, हे एका रुग्णाच्या अहवालावरून कोणालाही ठरवता येणार नाही. माझे मत विचाराल, तर मी आधी त्यांनी वर्षभरात घेतलेल्या आणि बरे वाटताच सोडलेल्या गोळ्यांची चौकशी करीन, रक्तातली साखर तपासून घेईन आणि लघवी पूर्ण होते की नाही ते डॉक्टरांना पाहायला सांगीन. चिकन बंद करण्याची गरज नाही. ते घरात कसे हाताळले जाते ते मात्र पाहायला हवे, आणि पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

प्रश्न : आमच्या घरी चिकन आणले की चार-पाच पाण्यांनी धुऊन, हळद-मीठ चोळून पुन्हा धुण्याची पद्धत आहे. एका परिचारिकेने सांगितले, की धुऊच नये. न धुता शिजवण्याची कल्पनाही सहन होत नाही. खरे काय? (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : परिचारिका बरोबर सांगतात, आणि आपली किळसही मला समजते, कारण माझ्या आईनेही जन्मभर असेच धुतले. जंतू पाण्याने निघून जात नाहीत. ते कातडीच्या सुरकुत्यांत घट्ट बसलेले असतात. नळाच्या धारेखाली धरलेल्या तुकड्यावरून मात्र बारीक तुषार उडतात आणि ओट्यावर, शेजारी निथळत ठेवलेल्या ताटांवर, कोथिंबिरीच्या जुडीवर जाऊन बसतात. कोंबडी तर चुलीवर चढते आणि तिच्यातले जंतू मरतात. कोथिंबीर तशीच कोशिंबिरीत जाते. हळद-मिठाने चव मुरते, त्यासाठी ते जरूर लावावे. पण दहा मिनिटांच्या हळदीने साल्मोनेला मरत नाही.

धुतल्यावाचून राहवतच नसेल, तर मोठ्या पातेल्यात संथ पाणी घेऊन त्यात तुकडे अलगद बुडवून काढावेत, पाणी जपून ओतावे आणि नंतर सिंक, नळाची चावी व ओटा साबणाने घासावा. नळाची चावी सगळे विसरतात. कोशिंबीर, पोळ्या, ताक हे सारे आधी करून झाकून ठेवावे आणि चिकनला हात सर्वांत शेवटी लावावा. विळी किंवा सुरी आणि फळी एकच असेल, तर भाजीचा नंबर पहिला. फ्रीजमध्ये कच्चे चिकन झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी दह्यात ठिबकणार नाही. कॅम्पिलोबॅक्टरचे काहीशे जंतू पोटात गेले तरी माणसाला जुलाब होऊ शकतात, आणि एवढे जंतू ज्यात मावतात तो पाण्याचा कण डोळ्यांना दिसतही नाही. या जुलाबांनंतर सुमारे हजारात एकाला गीयाँ-बारे नावाचा हातपाय लुळे करणारा मज्जातंतूंचा विकार होतो, म्हणूनही मी एवढा कंटाळवाणा आग्रह धरतो आहे.

शिजवण्याबाबत आपला रस्सा निर्धोक आहे. मांसाचा गाभा ७० अंश सेल्सियसच्या वर गेला की हे जंतू मरतात, औषधाला दाद न देणारेही मरतात. प्रतिजैविकाला पुरून उरणारा जंतू उकळीला पुरून उरत नाही. भीती असते ती घाईने भाजलेल्या तंदुरीची, जिथे वरून काळे डाग पडलेले असतात आणि हाडाजवळ मांस गुलाबी असते. मात्र शिजवल्याने औषधाचा अंश जातोच असे नाही. फ्लुओरोक्विनोलोन गटातली औषधे उष्णतेला फारशी बधत नाहीत. त्याचा बंदोबस्त स्वयंपाकघरात होत नाही, शेडमध्येच व्हावा लागतो.

प्रश्न : माझे महूजवळ पाच हजार पक्ष्यांचे शेड आहे. कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे देते, मी करारावर पक्षी वाढवून देतो. पहिल्या आठवड्यात पाण्यातून अँटिबायोटिक, मग मरतूक दिसली की पुन्हा दुसरे, असे चालते. औषध नाही दिले आणि लॉट गेला तर नुकसान माझे. तुम्ही शहरातले लोक सगळा दोष आम्हाला देता. (एक कुक्कुटपालक)

उत्तर : आपला राग रास्त आहे. ज्याच्या हातात औषधाची बाटली आहे त्याच्या हातात निर्णय असतोच असे नाही, आणि कराराच्या कागदावर औषधाची यादी ठरवणारी माणसे शेडमध्ये झोपत नाहीत.

तरीही दोन गोष्टी आपल्या घरासाठी सांगतो. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका फार्मवर स्टुअर्ट लेव्ही हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांना टेट्रासायक्लिन मिसळलेले खाद्य देऊन पाहिले आणि ते १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. एक-दोन आठवड्यांतच कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले, आणि पाच-सहा महिन्यांत फार्मवर राहणाऱ्या कुटुंबाच्या पोटातही तसेच जंतू वाढले, जरी त्यांपैकी कोणी ते औषध घेतले नव्हते. शेजाऱ्यांत तसे झाले नाही. म्हणजे या जंतूंची पहिली गाठ शहरातल्या खाणाऱ्याशी पडत नाही, ती शेडमध्ये लिटर, म्हणजे जमिनीवर अंथरलेला तुसाचा थर, उलटणाऱ्याशी पडते. शेडच्या चपला आणि कपडे घरात आणू नयेत, आणि मुलांना लिटरमध्ये खेळू देऊ नये.

दुसरी गोष्ट औषधाच्या नावाची. एन्रोफ्लॉक्सासिन हे कोंबड्यांचे औषध पक्ष्याच्या शरीरात गेले की त्याच्या काही भागाचे सिप्रोफ्लॉक्सासिन होते, आणि हे तर माणसाचे नित्याचे औषध. अमेरिकेने याच कारणावरून, कॅम्पिलोबॅक्टर या औषधांना दाद देईनासा झाला म्हणून, २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिनची परवानगी काढून घेतली. युरोपीय संघाने वजन वाढवण्यासाठी प्रतिजैविके चारणे १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद केले. स्वीडनने तर ते १९८६ मध्येच केले होते, आणि तिथले कुक्कुटपालन त्यामुळे बुडाले नाही.

आपल्याकडे २०१२ च्या नियमानुसार पशुऔषधाच्या वेष्टनावर, औषध थांबवल्यापासून मांस विकेपर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे, तो काळ छापावा लागतो. त्या जातीसाठी तो ठरवलेला नसेल, तर मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे असतात. चाळीस दिवसांत विकल्या जाणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत याचा अर्थ बाराव्या दिवसानंतर असे औषध नाही. हा हिशेब कंपनीच्या सुपरवायझरला विचारून पाहा.

मरतूक दिसली की आधी मेलेला पक्षी लगेच महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी नेऊन उघडून पाहून घ्यावा. मानमोडी किंवा गंबोरो निघाला, तर तो विषाणूचा रोग आहे. त्यावर प्रतिजैविक म्हणजे पाण्यात घातलेला पैसा, आणि त्याचे उत्तर वेळेवर दिलेली लस हेच. जंतूचा रोग असेल, तर चकत्यांची तपासणी करून चालणारे एकच औषध, पूर्ण मात्रेत, ठरलेले दिवस द्यावे. रोजच्या कामात सर्वांत जास्त फळ मिळते ते कोरड्या लिटरचे. सकाळी मूठभर तूस हातात घट्ट दाबावे. त्याचा गोळा होऊन तसाच राहिला, तर ओल जास्त आहे आणि पडदे उघडून वारा खेळवायला हवा. पाण्याला क्लोरीन, दाराशी चुन्याचा पाट, एक लॉट गेल्यावर दुसरा येण्याआधी शेड धुऊन किमान पंधरा दिवस मोकळे ठेवणे, हे आपण जाणताच. यातले बरेचसे कराराच्या आत राहूनही करता येते. मध्य प्रदेशाने या प्रश्नावर २०१९ मध्ये स्वतःचा कृती आराखडा जाहीर केला, तोही केरळच्या मागोमाग. त्यात पशुपालन धरलेले आहे, पण शेडपर्यंत पशुवैद्य पोचल्याशिवाय आराखडा कपाटातच राहतो.

प्रश्न : मग गावठी किंवा झाबुआचा कडकनाथ खाल्ला तर हा धोका टळतो का? (देवास)

उत्तर : काहीसा कमी होतो, टळत नाही. मोकळ्यावर वाढलेल्या पक्ष्याला औषध कमी मिळते. परंतु साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर त्याच्याही आतड्यात असतात. कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून मागणी वाढली आणि तोही पुष्कळ ठिकाणी शेडमध्ये, विकतच्या खाद्यावर वाढू लागला. काळा रंग जातीचा असतो, पाळण्याच्या पद्धतीचा दाखला नसतो.

प्रश्न : आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. या चर्चेशी आमचा काय संबंध? (एक शाकाहारी वाचक, इंदूर)

उत्तर : सराफ्यात रात्री बारा वाजता भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या शहरातून हा प्रश्न येणारच होता. संबंध आहे. कोंबडीखत शेतात जाते. ते नीट कुजवलेले नसेल, तर त्यातले जंतू आणि त्यांची जनुके मातीत, पाण्यात आणि मेथी-पालकाच्या मुळाशी जातात. ढीग आतून तापला, काही दिवस ५५ अंशांच्या वर राहिला आणि मधून मधून उलटला, तर बहुतेक जंतू मरतात. ताजे खत तसेच पसरले, तर नाही. शिवाय हे जंतू माणसाकडून माणसाकडे जातात, आणि रुग्णालयातल्या शेजारच्या खाटेवरचा रुग्ण काय जेवतो ते त्यांच्या लेखी सारखेच.

आणि स्पष्ट सांगायचे, तर शाकाहारी घरातही सर्दीला अ‍ॅझिथ्रोमायसिन घेतले जातेच. मार्च २०१४ मध्ये औषध नियमांच्या ‘एच-१’ या अनुसूचीत काही प्रतिजैविकांसह ४६ औषधे घातली गेली, त्यांच्या विक्रीची नोंद केमिस्टने रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासह वहीत ठेवायची असते. पुढच्या वेळी यांपैकी एखादे औषध घेताना त्या वहीत आपले नाव लिहिले गेले का, ते पाहा.

प्रश्न : बाहेर चिकन खाऊन जुलाब झाले तर लगेच अँटिबायोटिक घ्यावे का? जंतू चिवट असतील तर जास्त जोराचे घ्यावे का? (महू)

उत्तर : दोन्हीचे उत्तर, नाही. धडधाकट प्रौढ माणसाचे साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब बहुधा आठवड्याच्या आत आपोआप थांबतात. साल्मोनेलात तर प्रतिजैविकाने जंतू विष्ठेतून पडत राहण्याचा काळ उलट लांबू शकतो. आपल्याकडे दुकानातून नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोलची जोडगोळी आणून दोन दिवस घ्यायची आणि सोडून द्यायची, ही सवय मात्र घरोघर आहे. खरे औषध म्हणजे ओआरएस, एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्धे पाकीट पेल्यात नव्हे. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंकही द्यावे.

शौचात रक्त, जोराचा ताप, तीन दिवसांत उतार नसणे, लघवी कमी होणे, किंवा रुग्ण तान्हे मूल, गरोदर स्त्री, वृद्ध अथवा कर्करोगाचे उपचार घेणारा असणे, यांपैकी काहीही असेल तर घरी थांबू नये. डॉक्टरांनी कल्चर सांगितले, तर शौचाचा नमुना पहिली गोळी घेण्यापूर्वी द्यावा. गोळी पोटात गेल्यावर दिलेल्या नमुन्यातून जंतू पुष्कळदा उगवतच नाहीत, आणि मग प्रयोगशाळेत चकत्या ठेवायला ताटलीवर काही उरत नाही.